हवेपेक्षा हलका

चहाचा ग्लास समोर आला की सर तो लगेच उचलायचे नाहीत. आधी त्यावर तळहात धरायचे. मग हात उलटा करून, ओला झालेला तळवा समोरच्याच्या नाकापुढे नेऊन विचारायचे, "आत्ता ही वाफ होती. आता पाणी आहे. मधली रेघ कुठे आहे, दाखवा."

समोर बहुतेक वेळा मीच असायचे. मी मराठी शिकवायचे, ते विज्ञान, आणि स्टाफरूममध्ये आमची टेबलं एकमेकांना चिकटलेली. "सर, चहा गार होतोय. रेघ नंतर शोधा," मी म्हणायचे. "बाई, तुम्हाला कशाचं गांभीर्य नाही," असं म्हणून ते गार चहा एका दमात संपवायचे आणि तासाला जायचे. त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून. त्यांचा आवाज भिंतीतून यायचा आणि माझ्या कवितेचं वाटोळं व्हायचं.

आमची शाळा रत्नागिरीत, मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला, चढणीवर. तुम्ही कधी बंदरावर मासळी घ्यायला उतरला असाल तर तिथला दुसरा वास तुम्हाला माहीत असेल. पहिला मासळीचा. त्याच्या आतून अधूनमधून एक झोंबरा वास येतो, डोळ्यांत पाणी आणणारा. तो बर्फाच्या कारखान्यांतला अमोनिया. हा वायू यंत्राने दाबून त्याचा द्रव करतात, टाकीत साठवतात, मग नळ्यांत मोकळा सोडतात. तो पुन्हा वायू होताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि पाण्याची लादी गोठते. एवढं विज्ञान मला सरांच्या शेजारी बसून आलं. वर्षातून एक-दोनदा कुठला तरी व्हॉल्व्ह गळायचा आणि तो वास चढण चढून थेट वर्गात यायचा.

सरांच्या डोक्यात एक भांडण कायम चालू असे, आणि ते दीड-दोनशे वर्षांपूर्वीचं होतं. भांडणारे सगळे गोरे, सगळे कधीच मेलेले. पण सर त्यांच्याबद्दल अशा तावातावाने बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, ही मंडळी खालच्या आळीतच राहतात आणि कालच त्यांचं वाजलं. वायू आणि द्रव ही दोन वेगळी घरं, की एकाच घराच्या दोन खोल्या, हा वाद. काही वायू असे आहेत की कितीही दाबा, ते द्रव होणारच नाहीत, असं मोठमोठे लोक मानत होते. मग एका इंग्रजाने वाकड्या काचनळीत वायू कोंडून त्याचे तेलकट थेंब करून दाखवले. त्याच्या नळ्या फुटायच्या, काचा डोळ्यांत जायच्या. "तरी हटला नाही," सर म्हणायचे आणि स्वतःचा चष्मा काढून पुसायचे.

वर्गात त्यांची लाडकी गोष्ट एका फ्रेंच माणसाची. त्याने बंदुकीच्या नळीत द्रव भरला, आत गारगोटीची एक गोळी टाकली, तोंडं पक्की बंद केली आणि नळी तापवत बसला. नळी हलवायची आणि कान द्यायचा. आत द्रव आहे तोवर गोळी त्यातून डुबुक करत जायची. सर स्टीलच्या बाटलीत पाणी आणि गोटी घालून तो आवाज काढून दाखवायचे. "आणि मग एका क्षणी," ते आवाज खाली आणायचे, "डुबुक थांबलं. नळी गच्च बंद. थेंब बाहेर गेलेला नाही. पण आत द्रव नाही. कधी गेला, कसा गेला, कोणाला कळलं नाही." वर्ग चिडीचूप व्हायचा. मला मात्र ही गोष्ट कधी आवडली नाही.

पुढे एका आयरिश माणसाने दाखवलं, की वायूकडून द्रवाकडे असंही जाता येतं की वाटेत उंबरठा लागतच नाही. एका डच शाळामास्तराने त्याचं गणित मांडलं. "शाळामास्तर, बाई! तुमच्याआमच्यासारखा!" हे सांगताना सरांची छाती फुगायची. तरी दुसरा पक्ष ऐकेना. द्रवाचे कण वेगळ्या जातीचे आणि वायूचे वेगळ्या, असं पुढेही छातीठोकपणे सांगणारे होतेच. "बघितलंत? तिथेही जात काढलीच," सर म्हणायचे. स्वतः ते उंबरठा न मानणाऱ्यांतले, आणि त्या बाबतीत अगदी कट्टर.

पण वर्गात तो वास आला की हे सगळं बाजूला राहायचं. सर व्हरांड्यात येऊन ओरडायचे, "वायू!" आणि आख्खी शाळा रुमाल भिजवून खाली बसायची.

"अमोनिया कसा?"

"हवेपेक्षा हलका!"

"जातो कुठे?"

"वर!"

"आपण कुठे?"

"खाली!"

नाक जमिनीशी, फडकं ओलं, वास जाईपर्यंत हलायचं नाही. आम्ही शिक्षकसुद्धा बसायचो. मीही बसायचे, साडी सावरत, मनातल्या मनात चरफडत. पाढे विसरलेली पोरं हे विसरली नाहीत. त्याचा उपयोगही झाला. एका कारखान्यात नळीतून वायू सुटला तेव्हा सरांचे जुने विद्यार्थी खाली वाकून, रांगत बाहेर आले. कोणाला साधं खरचटलंही नाही. कारखान्याच्या शेठनी शाळेत येऊन सरांना शाल-श्रीफळ दिलं. त्यानंतर तिथे ती पद्धतच पडली. नवा माणूस कामाला लागला की जुने लोक पहिल्या दिवशी त्याला सरांसारखं खाली बसायला शिकवत.

पोरं मोठी होऊन पांगली. कोणी जयगडच्या बंदरात लागला, कोणी अंजनवेलच्या बाजूला वीज प्रकल्पात, कोणी आखातात कोल्ड स्टोरेजला. जिथे गेली तिथे हा धडा बरोबर घेऊन गेली.

सर निवृत्त झाले, पाठोपाठ मीही. मंगेश म्हणून आमचा एक विद्यार्थी त्याच शेठच्या कारखान्यात यंत्रावर होता. दुपारचे सर त्याच्याकडे जाऊन बसायचे. वहिनींना वाटायचं, ह्यांना घरी करमत नाही. खरं तर त्यांना ती द्रवाची टाकी बघत बसायला आवडायचं. आपलं भांडण या लोखंडाच्या आत अजून चालू आहे, असं ते म्हणायचे, आणि मंगेश मान डोलवायचा. शाळेतही तो असाच मान डोलवायचा आणि पेपर कोरा द्यायचा.

एका दुपारी मंगेश टाकीच्या तळाला साठलेलं तेल काढत होता. काम नेहमीचं. तळाची चावी जराशी उघडायची, तेल बादलीत घ्यायचं, चावी बंद करायची. त्या दिवशी तेल संपलं आणि त्यामागून अमोनियाचा द्रव पिचकारीसारखा उडाला. मंगेशने चटकन चावी फिरवली. कोणाला काही झालं नाही, मंगेश तर हसलासुद्धा. सर दारात उभे राहून बघत होते.

तिथून ते सरळ माझ्याकडे आले. मी चहा पुढे ठेवला. त्यांनी त्यावर हात धरला नाही.

"बाई, ते खाली गेलं," ते म्हणाले.

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. नुसता वायू गळला तर तो वर जातो, ते खरंच आहे. पण टाकीच्या तळातून द्रवच बाहेर उडाला तर त्याचा पुरता वायू होत नाही. बारीक बारीक थेंब, बर्फासारखं गार धुकं, त्यात आपली ही दमट हवा. ते धुकं जड असतं. सरांनी ते पांढरं लोळत जाताना पाहिलं होतं, लादीवरून पायरीवर आणि पायरीवरून गटारात.

"ते द्रव नव्हतं आणि वायूही नव्हतं. जन्मभर मी ओरडत आलो, रेघ नसते, रेघ नसते. आणि पोरांच्या जिवाची गोष्ट आली तिथे मीच रेघ ओढून दिली. वायू म्हणजे वर, तुम्ही खाली. म्हणजे मी त्यांना त्या धुक्यातच बसवून ठेवलंय."

"सर, पुस्तकातही तेच होतं ना? हलकाच असतो म्हणून?"

"पुस्तक खाली बसत नाही, बाई. पोरं बसतात."

त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, की एवढ्याशा पिचकारीवरून हा माणूस स्वतःला फासावर द्यायला निघालाय. चार दिवसांत विसरतील, असं मी धरून चालले होते.

ते विसरले नाहीत. दुसऱ्याच दिवसापासून ते बंदरावरच्या एकेका कारखान्यात जाऊ लागले. दारात उभे राहून ओरडायचे, "वायू!" आणि आतले सगळे, मिशा पिकलेले, पोट सुटलेले, हातातलं काम टाकून पटापट खाली बसायचे. मग सर ओरडायचे, "उठा! उठा रे! बसू नका!" लोक उठायचे, हसायचे, कपडे झटकायचे. सर समजावून सांगायचे, की आधी बाहेर पळा. वारा बघा, वाऱ्याला आडवे पळा. पांढरं धुकं दिसलं तर उंचावर चढा. सगळे "हो सर" म्हणायचे. दोन दिवसांनी सर पुन्हा जाऊन ओरडले की सगळे पुन्हा खाली.

"काय ओ सर," मंगेश एकदा म्हणाला, "आता या वयात उलटं कसं शिकायचं आमी? तुमीच शिकवलं नाय का? हाडात बसलंय ते."

"तेच काढायचंय मला हाडातून," सर म्हणाले. ते हसत नव्हते.

एकदा मी त्यांच्याबरोबर एसटीने जयगडला गेले. बंदराच्या गेटवर आम्हाला आत सोडेनात. शेवटी क्रेनवरचा एक जुना विद्यार्थी बाहेर आला. तो सरांच्या पाया पडला, माझ्याही पडला. सर म्हणाले, "अमोनियाचं काय शिकवलं होतं, आठवतं?" गडी ताठ उभा राहिला आणि गेटवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "हवेपेक्षा हलका!" सरांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. त्यांनी त्याला नवीन सगळं सांगितलं. तो "बरं सर, बरं सर" करत होता. मग त्याने आमच्याबरोबर सेल्फी काढला. आम्ही एसटीत बसेपर्यंत तो फोटो शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता आणि खाली लिहिलं होतं, "आदरणीय सर. हवेपेक्षा हलका, कायम लक्षात!"

मला हसू फुटलं. सर खिडकीबाहेर बघत राहिले.

त्याच ग्रुपवर त्यांनी आपल्या आवाजात निरोप टाकला. बसू नका, पळा, उंचावर चढा, मी चुकीचं शिकवलं. उत्तरादाखल जोडलेले हात आले, गुलाबाची फुलं आली. आखातातून एकाने लिहिलं, "सर, तुमचा आवाज ऐकून शाळा आठवली." समजलं, असं कोणीही लिहिलं नाही.

पुढे शेठ कंटाळले. "सर, तुम्ही माझी माणसं घाबरवताय," ते म्हणाले. "शाल घेतलीत तेव्हा बरोबर होतं, आता चूक?" त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. ज्या धड्याने माणसं वाचली तो धडाच धोक्याचा, हे कोणाच्या गळी उतरणार? सरांना आत घेणं बंद झालं. मग सर रस्त्याच्या पलीकडे उभे राहू लागले.

मासेमारी बंदीचे दोन महिने कारखाने थंड असतात. त्या काळात सर जरा शांत होतील असं मला वाटलं होतं. उलटंच झालं. "बंद पडलेल्या चाव्या गंजतात, बाई. हंगाम सुरू झाला की सगळे घाईत असतात," ते म्हणायचे आणि बोटांनी टेबलावर काहीतरी वाजवत राहायचे. त्यांची भीती मलाही लागली. वास आला की मी आधी अंगणातल्या चाफ्याच्या पानांकडे बघायचे, वारा कुठून आहे ते. पानं हलत नसली की जीव टांगणीला लागायचा. वहिनी मला म्हणाल्या, "तुम्ही तरी ह्यांच्या नादी लागू नका हो."

हंगाम सुरू झाला. श्रावणातली सकाळ होती. पाऊस थांबलेला, आणि हवा अशी की अंगाला चिकटावी. पान हलत नव्हतं. मी भाजी घेऊन चढण चढत होते तेव्हा खालून आरडाओरडा ऐकू आला. वळून बघितलं तर कारखान्याच्या गल्लीतून गुडघाभर उंचीचं पांढरं काहीतरी रस्त्यावर येत होतं. गल्लीच्या तोंडाशी कुत्री झोपायची. त्यातलं एकही उठलं नाही.

सर माझ्या अंगावरूनच धावत गेले. बनियन, लेंगा, खांद्यावर ओला पंचा.

"सर!"

"बाई, वर जा! वर!" ते म्हणाले, आणि खाली गेले.

आत काय झालं ते मला पुढे मंगेशने सांगितलं. हॉस्पिटलमधून सुटल्यावर तो घरी आला होता. त्याचा एक डोळा गेला होता, आणि घसा असा भाजला होता की कुजबुजण्यापलीकडे आवाज निघत नव्हता. मी त्याच्या तोंडाशी कान नेऊन ऐकलं.

तेल काढताना चावी अडकली. उघडली ती बंदच होईना. दाराजवळचे पळाले. मंगेश टाकीच्या मागे होता. त्याने टॉवेल भिजवला, नाकाला लावला आणि भिंतीशी खाली बसला. वायू वर जाईल म्हणून वाट बघत बसला. डोळे मिटलेले.

"सर आले. उठ, उठ म्हणून ओरडत व्हते. मला वाटलं, नेहमीसारखं आमची परीक्षा घ्यायला आलेत. मी म्हटलं, आता खरंच गॅस सुटलाय, आता नाय उठायचं. मी आणखी खाली वाकलो."

सरांनी आयुष्यात कधी पोरांवर हात उगारला नव्हता. त्यांनी मंगेशच्या कानाखाली मारली. एकदा, मग पुन्हा. तरी तो उठेना तेव्हा त्याच्या काखेत हात घालून त्याला उचलायला सर स्वतः खाली वाकले. जिथे धुकं सगळ्यात दाट होतं तिथे. त्याला ओढत लोखंडी शिडीपर्यंत नेलं, त्याचे हात दांडीवर ठेवले, खालून खांदा लावून वर रेटलं. मंगेश माळ्यावर पोचला. सर शिडी चढले नाहीत. आगीच्या बंबाच्या लोकांनी पाणी मारत मारत आत जाऊन त्यांना बाहेर काढलं.

सर त्याच आठवड्यात गेले. मी भेटायला गेले होते तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघून भुवया वर केल्या, म्हणजे मंगेशचं काय. मी म्हटलं, "आहे. वाचला." त्यांनी डोळे मिटले. मी बाहेर येऊन जिन्यात रडले. एवढा हट्टी, एवढा किचकट माणूस, आणि त्याच्यावाचून मला दुपार कशी जाईल हे कळेना.

शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. गर्दी मावेना. जयगडचा क्रेनवाला आला होता, कारखान्यांतले सगळे आले होते. शेठ पहिल्या रांगेत, मान खाली घालून. मंगेश सगळ्यात मागे, दाराजवळच्या खुर्चीवर. मुख्याध्यापक म्हणाले, सरांनी शिकवलेलं पोरांच्या हाडात आहे. लोकांनी डोळे पुसले.

मग मला बोलायला सांगितलं. आठवणी सांगायच्या नाहीत, असं मी ठरवूनच गेले होते. सरांना जे सांगायचं होतं तेवढंच मी सांगितलं. धुकं खाली कसं बसतं ते सांगितलं. सर का वाकले आणि कशाने गेले ते सांगितलं. "म्हणून बसू नका," मी म्हटलं. "बाहेर पळा, उंच चढा. हे एवढं त्यांच्यासाठी लक्षात ठेवा." सगळ्यांनी माना डोलावल्या. क्रेनवाला हुंदके देत होता. मला वाटलं, चला, आता तरी पोचलं.

तेवढ्यात खिडकीतून वास आला. फार नव्हता, नेहमीचाच, खालच्या कुठल्या तरी कारखान्यातला. कोणी ओरडलं नाही. नुसत्या खुर्च्या सरकल्या, बाटल्यांची झाकणं निघाली, आणि ते सगळे बाप्ये ओले रुमाल नाकाला लावून खाली बसले.

उठा, असं ओरडायला मी तोंड उघडलं. तोंडावर माझाच पदर होता. हाताला फरशी गार लागली तेव्हा कळलं की मीही बसले आहे.

खुर्च्यांच्या पायांमधून मला थेट दारापर्यंत दिसत होतं. तिथे दोनच पाय उभे होते. मी मान वर केली. मंगेश दोन्ही हात हलवून आम्हाला उठायला सांगत होता. तोंड उघडत होता, मिटत होता, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. आमच्यापर्यंत त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.